एका शंकरपाळ्याचा इतिहास

सरळ बसलेल्या चौकोनाकडे कुणी मान वळवून पाहत नाही. आपण जन्मभर चौकोनांतच वावरतो. फरशी चौकोनी, खिडकी चौकोनी, कॅरमचा बोर्ड चौकोनी. पण ‘काय सुरेख चौकोन आहे हो!’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तोच चौकोन जरा फिरवून एका टोकावर उभा करा. लगेच त्याचा पतंग होतो. पत्त्यांत शिरला तर चौकट होते. दिवाळीच्या फराळात पडला तर शंकरपाळं होतं. बाजू त्याच, कोपरे तेच, क्षेत्रफळ तेवढंच. फक्त बसायची तऱ्हा बदलली. सरळ बसलेला चौकोन म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क, आणि टोकावर उभा राहिलेला चौकोन म्हणजे तोच हेडक्लार्क, गणेशोत्सवातल्या नाटकात मिशा लावून स्टेजवर आलेला. घरची मंडळीसुद्धा क्षणभर ओळखत नाहीत.

ह्या एवढ्याशा फिरवण्यावर अमेरिकेतल्या बायकांनी दोनशे वर्षं गोधड्या शिवल्या. गोधडी हा शब्द मी आपल्या सोयीसाठी वापरतो. ते लोक तिला क्विल्ट म्हणतात. आपली गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर. त्यांच्या क्विल्टला तीन मजले असतात. वर ठिगळांची नक्षी, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर, आणि हे तिन्ही एकत्र धरून ठेवणारा बारीक धावदोरा. वरच्या मजल्यावर जे ठिगळांचे तयार चौकोन असतात, त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. हे ब्लॉक एकतर फरशीसारखे सरळ मांडायचे, नाहीतर टोकावर उभे करायचे.

हे सगळं ज्ञान मला झालं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पेनसिल्व्हेनियात गेली तेव्हा शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बदलणाऱ्यांतली होती. आता ती दर मंगळवारी बायकांच्या एका मंडळात जाऊन क्विल्ट शिवते. माणूस परदेशी गेला की काय काय शिकेल ह्याचा नेम नाही. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिनं पलंगावर एक अर्धवट क्विल्ट पसरून दाखवला.

“दादा, ह्याला ‘ऑन पॉइंट’ म्हणतात,” ती म्हणाली.

“आपल्याकडे ह्याला शंकरपाळं म्हणतात,” मी म्हणालो.

“अगदी! मी मंडळात सांगितलं, तर त्यांना शंकरपाळं म्हणजे काय ते सांगता सांगता अर्धा तास गेला. शेवटी तळूनच नेली.”

तेव्हापासून त्या मंडळात शंकरपाळी मांडणीला फार चांगले दिवस आले आहेत म्हणे.

आता गंमत अशी की, ह्या अमेरिकन गोधडीचं माहेर शोधायला निघालं की पहिला मुक्काम हिंदुस्थानात पडतो. सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगवलेलं सुती कापड जहाजं भरभरून युरोपात जायचं. त्याला छींट म्हणत. पलंगावर टाकायच्या मोठ्या छिंटीला ‘पलंगपोस’ हा आपला सरळ शब्द होता. इंग्रजांच्या जिभेवर त्याचं ‘पॅलमपोर’ झालं. धुतलं तरी रंग जात नाही हे त्या कापडाचं वैशिष्ट्य पाहून इंग्लंडातल्या बायका हरखल्या आणि तिथल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांचं पित्त खवळलं. १७०० साली पार्लमेंटनं असल्या आयातीवर बंदी घातली. तेवढ्यानं भागेना, म्हणून १७२१ साली आणखी एक कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायला, खुर्चीला, पडद्याला आणि पलंगालासुद्धा वापरायला मनाई केली. १७७४ पर्यंत ही भानगड चालली. नागरिकांनी पलंगावर काय घालावं हे पार्लमेंटनं ठरवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही. आमच्याकडे तो अधिकार वेगळ्या सभागृहाकडे आहे, आणि तिथे विरोधी पक्ष नाही.

बंदी आली की वस्तूची किंमत वाढते आणि तुकड्यालाही भाव येतो. छिंटीचं कापड मिळेना किंवा परवडेना, तेव्हा बायका तिच्यावरची फुलं, पक्षी, झाडं कातरून साध्या कापडावर शिवू लागल्या. पुढे ह्या कामाला फ्रेंच नाव पडलं, त्याचा अर्थ ‘पर्शियन भरतकाम’. कापड हिंदुस्थानी, सुई इंग्लिश, नाव फ्रेंच आणि श्रेय इराणला! श्रेयाची अशी वासलात ह्या गोष्टीत पुन्हा लागणार आहे, म्हणून इथे बोट ठेवून ठेवतो.

त्या काळी क्विल्ट मधून बाहेर वाढत असे. मध्यभागी एक शोभिवंत चौकोन, त्याभोवती चौकट, तिच्याभोवती आणखी चौकट. आणि मधला चौकोन पुष्कळदा टोकावर उभा केलेला असे. चार कोपऱ्यांत चार त्रिकोण जोडले की पुन्हा मोठा सरळ चौकोन तयार. म्हणजे शंकरपाळ्याचा मान पहिल्यापासून गाभाऱ्यातला.

पुढे १८३०-४० च्या सुमाराला अमेरिकेत हा गाभारा मोडला आणि सारखे ब्लॉक शेजारी शेजारी मांडायची पद्धत आली. ह्याची एक करुण कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. बिचारी खेडूत बाई, बाहेर बर्फ, घरात दारिद्र्य, म्हणून चिंध्या जोडून पांघरूण शिवते आहे. डोळ्यांत पाणी आणणारं चित्र आहे, पण इतिहासाचे अभ्यासक सांगतात की ते उलटं आहे. कापड महाग होतं तेव्हा ठिगळांचा क्विल्ट ही खात्यापित्या घरची चैन होती. लॉवेलसारख्या गावांतल्या गिरण्या धडधडायला लागल्या, छापील कापड स्वस्त झालं, तेव्हा क्विल्ट घरोघर पोचला. पुष्कळ बाया त्यासाठी दुकानातून मुद्दाम कापड आणत. अख्खं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडत बसायचं, ह्याला दारिद्र्य म्हणत नाहीत. ह्याला हौस म्हणतात. मात्र त्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेकडच्या मळ्यांत गुलामांच्या हातांनी वेचलेला होता. स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतच असतं, फक्त ती पावतीवर छापलेली नसते.

ब्लॉकची मोठी सोय म्हणजे तो मांडीवर मावतो. चुलीवर काही रटरटतंय, पाळण्यात मूल आहे, दाराशी कुणी आलंय, अशातही एक ब्लॉक पुरा होतो. अख्ख्या क्विल्टला घरात जागा लागते, ब्लॉकला पदराएवढी पुरते. शिवाय प्रत्येक नमुन्याला नाव. ही नावं मी बहिणीच्या तोंडून ऐकली आणि खूश झालो. ‘अस्वलाचा पंजा’, ‘फुटक्या बश्या’, ‘दारुड्याची वाट’, ‘पीटरला लुबाडून पॉलचं देणं’, ‘घोडनवरीचं कोडं’. एका संसाराचा सगळा वृत्तांत आला की नाही? कुणाची वाट चुकते, कुणाच्या बश्या फुटतात, कुणाचे पैसे फिरवावे लागतात, सगळं पांघरुणावर. शिवाय एकच नमुना एका गावी एका नावाचा आणि पुढच्या गावी दुसऱ्याच. ‘कॅन्सस सिटी स्टार’ ह्या वर्तमानपत्रानं १९२८ पासून १९६१ पर्यंत असे नमुने छापले. बार्बरा ब्रॅकमन ह्या विदुषीनं पुढे १९९३ साली ह्या नमुन्यांचा कोश काढला, त्यात चार हजारांवर नमुने आहेत. चार हजार! आपल्याकडे आमटीचे प्रकार मोजायला घेतले तर काय होईल ते होईल, पण तिथे निदान कुणी मोजले तरी.

मग हे सरळ बसलेले ब्लॉक टोकावर उभे करायची बुद्धी कशाला झाली?

पहिलं कारण अगदी साधं आहे. काही नमुने तिरपेच असतात. टोपली घ्या. ती शिवायला सोपी जावी म्हणून चौकोनाच्या एका कोपऱ्यात तिचा तळ आणि समोरच्या कोपऱ्यात तिची कडी अशी बेतलेली असते. तो ब्लॉक सरळ ठेवला तर टोपली कलंडते. पाइनचं झाड, लिलीचं फूल, केक ठेवायचं तबक ह्यांचीही हीच तऱ्हा. चौकोन टोकावर उभा केला की टोपली सरळ बसते. म्हणजे टोपली सरळ दिसावी म्हणून चौकोनानं तिरकं व्हायचं. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो.

दुसरं कारण कष्टाचं. नक्षीचे ब्लॉक टोकावर उभे करून तीन-तीनच्या तीन ओळी मांडल्या, की त्यांच्यामध्ये बरोबर चार चौकोनी पोकळ्या राहतात. तिथे साध्या कापडाचे चौकोन बसवायचे. नऊ शिवायचे आणि तेरा मिरवायचे. शिवाय त्या साध्या चौकोनांत बारीक धावदोऱ्यानं पिसं, वेली, फुलं काढायला मोकळी जागा मिळते. हे तेरा चौकोन जोडायचे मात्र तिरप्या ओळींनी. आधी एक, मग तीन, मग पाच, पुन्हा तीन, पुन्हा एक. हे ऐकल्याबरोबर आमची ही म्हणाली, “अय्या, ही तर ठिपक्यांची रांगोळी!” आणि तिनं तिथेच बोटानं चादरीवर ठिपके मोजून दाखवले. दोन बायकांचं एकमेकींकडे पाहून जे हसणं झालं, त्यात मला भाग नव्हता.

इथपर्यंत सगळं सुखाचं. खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती कडेला आहे.

वडी थापली आहे अशी कल्पना करा. चौकोनी ट्रेमध्ये नारळाची वडी थापून तिच्यावर सुरीनं तिरप्या रेघा ओढल्या की मधोमध सुबक शंकरपाळी पडतात आणि कडेला सगळीकडे त्रिकोणी तुकडे उरतात. स्वयंपाकघरात हा प्रश्न पोरंच सोडवतात. पाहुण्यांना शंकरपाळी, घरच्यांना त्रिकोण. क्विल्टचे त्रिकोण खाऊन टाकता येत नाहीत. पांघरुणाला करवतीसारखी कड ठेवून भागत नाही. म्हणून तेरा चौकोनांच्या ह्या मांडणीला बाजूचे आठ आणि कोपऱ्यांचे चार असे बारा त्रिकोण वेगळे कापून लावावे लागतात.

“मग त्यात काय?” मी म्हणालो. “चौकोन मधोमध कापला की दोन त्रिकोण.”

बहिणीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती नजर फक्त गणिताच्या मास्तरांकडे आणि शिंप्यांकडे असते.

“दादा, कापड उभ्या-आडव्या धाग्यावर कापलं तर ते गुमान राहतं. क्रॉसमध्ये कापलं की ताणतं. बाजूच्या त्रिकोणाची लांब बाजू क्विल्टच्या कडेला येते. तू म्हणतोस तसा कापलास तर नेमकी तीच बाजू क्रॉसमध्ये जाते, आणि सगळी कड उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी होते.”

म्हणून युक्ती अशी. बाजूच्या त्रिकोणांसाठी मोठा चौकोन घ्यायचा आणि त्याच्या दोन्ही कर्णांवर कात्री चालवून चार त्रिकोण काढायचे. लांब बाजू आपोआप सरळ धाग्यावर येते. कोपऱ्याच्या त्रिकोणांचं नेमकं उलटं. त्यांच्या आखूड बाजू कडेला येतात, म्हणून छोटा चौकोन एकदाच कापून दोन करायचे. दिसायला दोन्ही त्रिकोण सख्खे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता चौकोन किती मोठा घ्यायचा? इथे ती वही घेऊन आली. बारा इंचाचा ब्लॉक टोकावर उभा केला की त्याची रुंदी बारा इंच राहत नाही, कर्णाइतकी होते. बारा गुणिले १.४१४, म्हणजे जवळजवळ सतरा इंच. त्यात शिवणीसाठी सव्वा इंच मिळवा. सव्वाअठरा इंचाचा चौकोन कापा, त्यातून बाजूचे चार त्रिकोण. कोपऱ्यासाठी बारा भागिले १.४१४, म्हणजे साधारण साडेआठ, त्यात शिवणीसाठी पाऊण इंचाहून एक सूत जास्त. सगळी शिवण पाव इंचाची, ना जास्त ना कमी. शाळेत मला ‘दोनचं वर्गमूळ’ ही चीज भेटली होती तेव्हा हिचा जन्माला उपयोग काय, असा प्रश्न मी विचारला होता. उत्तर म्हणून छडी मिळाली होती. पांघरूण मिळालं असतं तर मी गणितात पुढे गेलो असतो.

आणि ही चीज तरी कुणाची? बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, म्हणजे ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधी, हाच चौकोन आहे. यज्ञाची वेदी बांधताना सांगितलंय की चौकोनाच्या कर्णाएवढी दोरी ताणून तिच्यावर चौकोन उभारलात, तर तो बरोबर दुप्पट होतो. कर्ण काढायची कृतीही दिली आहे. बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्या हिश्शाचा चौथा हिस्सा मिळवा, आणि ह्या शेवटच्याचा चौतिसावा भाग वजा करा. हे उत्तर दशांशचिन्हापुढे पाच घरं अचूक येतं. ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘मेनो’ ह्या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला वाळूवर हाच दुप्पट चौकोन काढायला लावतो आणि त्यावरून आत्म्याच्या ज्ञानापर्यंत पोचतो. एकाच आकृतीतून बौधायनाची वेदी झाली, सॉक्रेटिसाचं तत्त्वज्ञान झालं. कॅन्ससच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बायकोनं जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला आणि कर्ण काढला, त्याचं मात्र फक्त पांघरूण झालं. त्याला कुणी भूमिती म्हणालं नाही. तिनंही म्हटलं नसावं. तिला दिवे लागायच्या आत तो चौकोन पुरा करायचा होता.

शंकरपाळ्याचं सगळ्यात भारी रूप पाहायचं तर बहिणीच्या घरापासून मोटारीनं दोन तासांवर लँकॅस्टर परगणा आहे, तिथे जावं लागतं. तिथे आमिश पंथाचे लोक राहतात. मोटार घेत नाहीत, घोडागाडी हाकतात, तारेवरची वीज घरात घेत नाहीत आणि छापील फुलाफुलांचं कापड वापरत नाहीत. साधेपणा हे त्यांचं व्रत. तिथल्या बायकांनी साधारण १८८० ते १९४० ह्या काळात एक नमुना शिवला. मध्ये टोकावर उभा असा एकच भलामोठा चौकोन, चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, बाहेर रुंद पट्ट्या. संपलं. ना टोपली, ना झाड. बारीक लोकरीचं सपाट रंगाचं कापड. पण रंग कसले! जांभळ्यावर लाल, लालावर निळा, निळ्यावर हिरवा. अंगात साधे कपडे घालणाऱ्या बायकांनी पलंगावर अशी आतषबाजी करावी ह्याचं मला भारी कौतुक वाटलं. जोडकाम पायाच्या मशीनवर आणि वरचा धावदोरा हातानं. लांबून पाहिलं तर मोठा चौकोन, जवळ गेलं की त्यात पिसांचं वर्तुळ आणि तारा, तेही कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यात. हौस करायची, पण लांबून कुणाला कळता कामा नये.

ह्या बायकांविषयी एक कथा पर्यटकांना हमखास सांगतात. परिपूर्ण फक्त परमेश्वर, म्हणून त्या प्रत्येक क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक करत. अभ्यासकांना ह्या कथेला पुरावा सापडलेला नाही. बहिणीचं मंडळ ही कथा ऐकून दर वेळी हसतं. “दादा, चूक मुद्दाम कशाला करायला हवी? ती येतेच!”

मग १९७१ साल उजाडलं. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ हे दोघं काही वर्षं जुने क्विल्ट गोळा करत होते. त्यांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमला पटवलं, आणि आधुनिक चित्रं टांगायच्या पांढऱ्या भिंतींवर साठेक क्विल्ट टांगले गेले. पलंगावर आडवी पडलेली वस्तू उभी झाली. मी सुरुवातीला म्हटलं ना, सगळा प्रश्न बसण्या-उठण्याच्या तऱ्हेचा आहे! समीक्षकांनी चष्मे पुसले. ज्या भौमितिक रंगांच्या खेळासाठी नामवंत चित्रकारांची वाहवा चालली होती, तोच खेळ ह्या बायका त्याआधी पन्नास-साठ वर्षं उशापायथ्याशी खेळत होत्या. प्रदर्शन गाजलं, आणखी शहरांत फिरलं. लँकॅस्टरच्या घरांतून जुन्या क्विल्टची खरेदी सुरू झाली आणि किमती हजारो डॉलरांत गेल्या. होल्स्टीनचा संग्रह आज नेब्रास्कातल्या लिंकन गावी खास क्विल्टसाठी बांधलेल्या संग्रहालयात आहे.

फक्त त्या भिंतींवर बहुतेक क्विल्ट कुणी शिवले त्याचा पत्ता नव्हता. गोळा कुणी केले, हे माहीत. पाहून कोण भारावलं, हेही माहीत. शिवणारी मात्र अनामिक. १९७३ साली पॅट्रिशिया मेनार्डी ह्या कलासमीक्षिकेनं लेख लिहून ह्यावर कोरडे ओढले. ही बायकांची कला आहे आणि बायकांना माहीत होतं ती कला आहे, असा तिचा सूर होता. तो खोटा नव्हता. इंग्लंडात १७१८ सालचा एक रेशमी ठिगळांचा पलंगपोस जपून ठेवलाय, त्यावर सालाबरोबर ई आणि एच अशी दोन अक्षरं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी निदान दोन अक्षरं ठेवून जावीशी वाटली. १८४० नंतर अमेरिकेत पक्की, धुऊन न जाणारी शाई घरोघर आली, आणि मैत्रिणींनी एकेक ब्लॉक शिवून त्यावर आपापली नावं लिहून द्यायची लाटच आली. घरदार गाडीत घालून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाबरोबर असा नावांचा क्विल्ट जायचा. ज्या माणसांची पुन्हा गाठ पडायची नाही, ती माणसं निदान रात्री पांघरता यायची.

त्याच व्हिटनी म्युझियममध्ये २००२ साली पुन्हा क्विल्ट टांगले गेले. हे अलाबामातल्या जीज बेंड ह्या, नदीच्या वळणात अडकलेल्या गावचे. तिथल्या बायका पूर्वी मळ्यावर राबवलेल्या गुलामांच्या वंशातल्या. मळ्याच्या मालकाचं पेटवे हे आडनाव आजही गावात अनेकांना चिकटलेलं आहे. त्यांच्या पूर्वजांनी जो कापूस वेचला, त्याचंच कापड त्यांनी जुन्या डेनिमच्या विजारींतून फाडून जोडलं होतं. ह्या वेळी मात्र भिंतीवर नावं होती. लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग. २००६ साली अमेरिकन टपालखात्यानं ह्या क्विल्टची दहा तिकिटं काढली. एकाच इमारतीत भिंतीवरच्या त्या एवढ्याशा पट्टीला नाव मिळायला एकतीस वर्षं लागली. दोनचं वर्गमूळ त्या मानानं लवकर सापडलं.

आपल्याकडच्या गोधड्यांचं काय? गोधडी शिवणाऱ्या बाईला नाव असतं, पण ते घरापुरतं. ‘आजीची गोधडी’. कुणाची आजी, कुठल्या गावची, कुठल्या सालची, हे नातवंडांपर्यंत टिकतं, पतवंडांपर्यंत गळतं. मग गोधडी ‘जुनी’ होते, तिच्यावर मांजर झोपतं, आणि एक दिवस तिच्यानं स्कूटर पुसतात. गोधडीतल्या लुगड्याचा काठ बघून “हे आईचं पुण्याचं पातळ” असं सांगणारी माणसं घरातून एकेक करून कमी होत जातात.

बहिणीच्या मंडळात नियम आहे. क्विल्ट पुरा झाला की मागच्या अस्तराच्या कोपऱ्यात एक छोटी चिंधी शिवायची आणि तिच्यावर लिहायचं, कुणी शिवला, कुणासाठी, कुठे, कुठल्या साली. ती चिंधी पुष्कळजणी त्रिकोणी लावतात, कारण कोपऱ्यात दोन बाजू कडेच्या शिवणीतच जातात आणि तिसरीच काय ती शिवावी लागते. वडीच्या कडेला उरतो ना, तसलाच त्रिकोण.

मी बहिणीला म्हटलं, “तुझं नाव मराठीत लिही हो.”

“मराठीतच लिहिते,” ती म्हणाली. “माहेरचं आडनावसुद्धा. इकडे कुणाला वाचता येत नाही, मग विचारतात. विचारलं की सांगता येतं.”

आमच्या हिनं परत आल्यावर कपाटातून सासूबाईंची म्हणजे माझ्या आईची गोधडी काढली, उलटी केली, कोपरा चाचपला आणि मला विचारलं, “अहो, ही कुठल्या सालची?” मी साल सांगितलं. आत्याला फोन करून तिनं ते पडताळून पाहिलं, ते एका सालानं बरोबर निघालं. कुठल्या बाजूनं एका सालानं, ह्यावर आत्याचं आणि काकूंचं अजून ठरायचं आहे. तोपर्यंत चिंधी कापून ठेवली आहे. सरळ धाग्यावर.